मंगळवारचा आकडा

आमचा पक्ष लहान.
इतका, की मागे फुटला
तेव्हा वर्तमानपत्रालाही कळलं नाही.
मेक्लेनबुर्गच्या या जिल्ह्यात आम्ही एकतीस जण,
त्यात चार गट,
आणि कुठल्याच गटात नसलेल्यांचा पाचवा.
मी खजिनदार. खजिना म्हणजे
बिस्किटांचा पत्र्याचा डबा; झाकण नीट बसत नाही.

यंदा उमेदवार विबके टेसमन.
वय अडुसष्ट. पायात गमबूट,
कारण दुसरे चावतात.
तेहतीस वर्षं तिने दलदलीतलं पाणी मोजलं,
दर मंगळवारी, खुणेच्या काठीपाशी वाकून,
हिवाळ्यात बर्फ फोडून,
नवरा दवाखान्यात होता त्या मंगळवारीसुद्धा.
पगार सरकारी, गमबूट सरकारी,
पेन्सिलही सरकारी, सही करून घेतलेली.

निवृत्तीनंतर एका संध्याकाळी
नातवाला दाखवावेत म्हणून
स्वतःचेच आकडे शोधायला बसली.
आकडे होते. एका नियतकालिकात,
चार प्राध्यापकांच्या नावाखाली, कुलूपबंद.
वाचायचे तर एकोणचाळीस युरो,
तेही चोवीस तासांपुरते.
आड खणला गावानं, रहाट भलत्याचा,
आणि आता घागरीमागे दाम.
ती ओरडली नाही. पैसे भरले,
पावती छापून घेतली,
दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आली.
ती पावती हाच आमचा जाहीरनामा.
बाकीची पानं आम्ही भांडून भरली.

भांडणं तर काय!
लेनार्ट बावीस वर्षांचा, त्याला मतदान फोनवर हवं.
विबके म्हणाली, यंत्राशी माझं वैर नाही,
पण ज्याच्या पोटात काय चाललंय
ते फक्त विकणाऱ्याला ठाऊक,
त्याच्या हाती मी साधी किल्लीही देणार नाही.
रात्री साडेअकराला ठराव दोन मतांनी पडला.
हात दोनदा मोजावे लागले,
एकाने कॉफीसाठी वर केला होता.

शनिवारी बाजारात, मासळीच्या गाडीशेजारी आमचं टेबल.
मोठ्या पक्षांकडे फुगे, पेनं, गरम सॉसेज.
आमच्याकडे पावतीच्या झेरॉक्स
आणि वाऱ्याने उलटणारी छत्री.
लोक विचारतात, बसचं काय?
दाताचा डॉक्टर गाव सोडून गेला, त्याचं काय?
विबके सांगते, माहीत नाही.
मला पाण्याचं माहीत आहे.
मी टेबलाखालून तिचा पाय दाबतो.
गमबुटातून तिला कळत नाही.

एक जण फणकारला,
दलदलीचं घेऊन मी काय चाटू?
तिने विचारलं, तळघर ओलं असतं का तुमचं?
तो थांबला.
कुठली गल्ली? कितव्या सालापासून?
तिने वही काढली.
अर्धा तास दोघं वहीवर वाकून उभी,
त्याच्या पिशवीतली मासळी ठिबकत राहिली.
जाताना म्हणाला, मत मात्र नेहमीच्यांनाच देतो.
ती म्हणाली, द्या की.

मोजणी शाळेच्या व्यायामशाळेत, हाताने, कागदावर.
आमच्या केंद्रावर आम्हाला अकरा मतं.
गठ्ठा असा, की त्याला रबर लावायचं
कुणाच्या मनातच आलं नाही.
दार उघडलं, वारा आत आला,
आणि समोरच्या पक्षाच्या, मला कधीच नमस्कार न करणाऱ्या बाईने
बोलणं न थांबवता
आमच्या अकरांवर आपला तळवा ठेवला.

जिल्ह्यात शून्य पूर्णांक सात टक्के.
डब्यात उरले सहा युरो, आणि चुरा.

मंगळवारी विबके दलदलीत गेली,
आता तिला कोणी पाठवत नाही तरी.
येताना बसथांब्यावर
एक चिठ्ठी डकवली:
जमिनीखाली चौदा सेंटिमीटर. तारीख. सही.
मी गुरुवारी पाहिली तेव्हा खाली
दुसऱ्या अक्षरात, जड हाताने, कुणीतरी लिहिलं होतं:
आमच्याकडे पायरीपर्यंत.